अनोळखी माणसाशी वाद घालताना: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की ऑनलाइन अनोळखी लोकांशी बातम्यांवर, विज्ञानावर, टेक्नॉलॉजीवर वाद घालताना नेमकं काय अडतं ते लिहून पाठवा. पत्रं भरपूर आली, बरीचशी चिडून लिहिलेली, काही खूप दुखावलेली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून जी अडचण अनेकांनी मांडली तीच घेतलीय. नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

अकोट तालुका, सध्या पुणे

भाऊ, आमची कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. मी आयटीत आहे, वडील अजून शेती करतात. जीएम म्हणजे जनुक बदललेल्या बियाण्यावर कुठं पोस्ट दिसली की मी लिहितो, निंदणाला बाया मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही म्हणून लोक चोरबीटी, म्हणजे तणनाशक मारलं तरी टिकणारं पण मंजुरी नसलेलं बियाणं, लावतात. लगेच एक जण मला कंपनीचा एजंट म्हणतो, बीटीमुळंच शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या म्हणतो. दुसऱ्या बाजूचे म्हणतात बीटीनं क्रांती केली, विरोध करणारे अडाणी. मी दोघांना खरं सांगायला जातो आणि दोघांच्याही शिव्या खातो. लिहावं का सोडून द्यावं?

उत्तर: लिहा, नक्की लिहा, कारण या विषयावर बोलणाऱ्यांत कपाशीत उभं राहिलेली माणसं फार कमी असतात. फक्त एक बघा, तुमच्या त्या भांडणात चार वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत आणि चौघांची उत्तरं वेगळी आहेत, त्यामुळं एका प्रश्नावर तुम्ही बरोबर असलात तरी समोरचा दुसऱ्यावर उडी मारतो आणि तुम्हीच चूक ठरता.

पहिला प्रश्न, बीटी काम करतं का. एका जिवाणूतला जीन कपाशीत घातला, त्यामुळं झाडात जे प्रथिन तयार होतं त्यानं बोंडअळी मरते, एवढंच ते तंत्र. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांना त्याचं काहीच नाही. २००२ ला परवानगी मिळाली, २००६ ला दोन जीनवालं बियाणं आलं आणि सुरुवातीची काही वर्षं बोंडअळीची फवारणी खरंच कमी झाली. मग गुजरातमध्ये गुलाबी बोंडअळी पहिल्या जीनला दाद देईनाशी झाली, ते २०१० पर्यंत उघड झालं, पुढं दुसरा जीनही तिला पुरेना, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते तुमच्या वडिलांनी शेतातल्या डोमकळ्या, म्हणजे अळीमुळं न उमलता मिटून राहिलेली फुलं, बघून अनुभवलंच असेल. अळीला बीटीची सवय होऊ नये म्हणून बिगर-बीटीच्या ओळी लावायला पाकिटासोबत जे वेगळं रेफ्युजी बियाणं मिळायचं ते बहुतेकांनी लावलंच नाही, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही न उपटलेली कपाशी, उन्हाळ्यापर्यंत ठेवली, अळीला वर्षभर खायला मिळत राहिलं. म्हणजे बीटीनं काम केलं हेही खरं आणि बीटी कमी पडलं हेही खरं, वर्ष कोणतं आणि अळी कोणती एवढं सांगितलं की दोन्ही वाक्यं शेजारी बसतात.

दुसरा प्रश्न उत्पादनाचा. देशात हेक्टरी रुईचं उत्पादन बीटी येण्याच्या सुमाराला ३०० किलोच्या आसपास होतं, २०१३-१४ ला ते साडेपाचशेच्या वर गेलं, नंतर घसरलं. पण त्याच काळात खताचा वापर वाढला, रसशोषक किडींवरची नवीन औषधं आली, गुजरातमध्ये पाण्याची सोय झाली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक के. आर. क्रांती यांनी एका सहलेखकाबरोबर २०२० ला सविस्तर मांडलं की वाढीचं बरंचसं श्रेय बीटीचं नाही, खताचं आणि इतर गोष्टींचं आहे. ते मान्य नसणारे अर्थशास्त्रज्ञही आहेत. हा वाद अभ्यासकांतच चालू आहे, तेव्हा तुम्ही तो एका कमेंटमध्ये संपवायचा भार घेऊ नका, 'यावर अजून एकमत नाही' हेसुद्धा पूर्ण उत्तर असतं.

तिसरा प्रश्न आत्महत्यांचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबाची सामूहिक आत्महत्या १९ मार्च १९८६ ची, बीटीच्या सोळा वर्षं आधीची. कर्ज, पाऊस, भाव, सिंचनाचा अभाव ही कारणं बियाण्याच्याही आधीपासून आहेत. महाग बियाण्यानं कोरडवाहू शेतकऱ्याची जोखीम वाढली असं म्हणता येतं आणि ते गंभीरपणे ऐकायला हवं, पण बीटीमुळंच आत्महत्या झाल्या हे वाक्य टिकत नाही.

आणि चौथा, जो तुमचा खरा मुद्दा आहे, तणनाशकाला टिकणारी एचटीबीटी, म्हणजेच तुमची चोरबीटी. तिला भारतात मंजुरी नाही. २०१९ च्या जूनमध्ये शेतकरी संघटनेनं तुमच्याच तालुक्यात, अकोली जहांगीरला, ती जाहीरपणे लावून सविनय कायदेभंग केला होता. चोरून विकलं जाणारं बियाणं असल्यानं पावती नाही, उगवलं नाही तर तक्रार करायची सोय नाही, हे शेतकऱ्याचं नुकसान विरोधक आणि समर्थक दोघंही विसरतात. त्या कपाशीत मारतात त्या ग्लायफोसेट या तणनाशकाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१५ ला ते 'बहुधा कॅन्सरकारक' या गटात टाकलं, अमेरिकेची पर्यावरण संस्था म्हणते तशी शक्यता दिसत नाही. पहिली संस्था विचारते हा पदार्थ कॅन्सर करू शकतो का, दुसरी विचारते माणसाच्या अंगावर प्रत्यक्षात जितका येतो तितक्यानं होईल का. दोन्ही बाजूचे लोक आपल्या सोयीची एकच संस्था दाखवतात. तुम्ही दोन्ही दाखवा.

आता वाद कसा घालायचा ते. 'आपण आधी फक्त बोंडअळीबद्दल बोलू' असं पहिल्याच ओळीत लिहून टाका आणि समोरचा आत्महत्यांवर गेला तर एकदा शांतपणे परत आणा. कंपनीचा एजंट म्हटलं तर चिडू नका, 'घरची शेती आहे, वडील कपाशी लावतात, माझा स्वार्थ एवढाच' असं एकदाच लिहायचं, परत स्पष्टीकरण द्यायचं नाही. निंदणाचा एकरी खर्च वडिलांच्या वहीत असेल तो वर्षासकट द्या, पण तो आमच्या शेतातला आहे हे सांगून द्या, सगळ्या विदर्भाच्या नावानं नको. आणि तो एजंट म्हणणारा माणूस तुमचा वाचक नाहीये. जिथं वाद चालतो तिथं लिहिणारे मूठभर, वाचणारे कितीतरी जास्त, त्यातला एखादा खरंच गोंधळलेला असतो, तुमचं उत्तर त्याच्यासाठी आहे.

नाशिकहून एक शिक्षिका

२०२४ च्या विधानसभा निकालानंतर ईव्हीएमवर माझा एकाशी तीन दिवस वाद चालला. मी एका गोष्टीचं उत्तर शोधून दिलं की तो म्हणे ते सोडा, मग हे कसं. शेवटी मी दमून थांबले तर त्यानं लिहिलं, बघा पळाली. काय करायला हवं होतं?

उत्तर: ताई, पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं की कोणतं उत्तर मिळालं तर तुमचं समाधान होईल. हा प्रश्न भांडायचा नाही, मनापासून विचारायचा. माणूस प्रामाणिक असेल तर सांगतो, उदाहरणार्थ 'चिठ्ठ्या मोजून दाखवा.' मग बोलायला जागा होते: मत कोणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी ७ सेकंद दिसते, २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ मशीनच्या चिठ्ठ्या मोजून जुळवतात, २०२४ च्या विधानसभेला २८८ मतदारसंघांतल्या १४४० मशीनच्या चिठ्ठ्या जुळल्या असं निवडणूक यंत्रणेनं सांगितलं. तो म्हणेल पाचच का, सगळ्या का नाही. हा चांगला प्रश्न आहे आणि तो सुप्रीम कोर्टातही गेला होता, २६ एप्रिल २०२४ ला कोर्टानं १०० टक्के मोजणीची मागणी फेटाळली पण चिन्हं लोड करायची युनिट निकालानंतर ४५ दिवस सीलबंद ठेवायला सांगितली आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पैसे भरून ५ टक्के मशीन तपासून घ्यायची सोय दिली. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी डिसेंबर २०२४ मध्ये बॅलेटवर स्वतःच पुन्हा मतदान घेऊन बघायचं ठरवलं, प्रशासनानं जमावबंदी लावली आणि ते झालं नाही. मला स्वतःला वाटतं की 'मशीन हॅक झालं' आणि 'तपासायची सोय आम्हाला अपुरी वाटते' ही दोन अगदी वेगळी म्हणणी आहेत, पहिल्याला पुरावा लागतो, दुसरं म्हणणं मांडायचा प्रत्येक मतदाराला हक्क आहे आणि त्याला वेड्यात काढणं चूक. तुमचा समोरचा यातलं कोणतं म्हणत होता तेच तीन दिवसांत ठरलं नसावं.

आणि काही माणसं मात्र स्वतःचं काहीच मांडत नाहीत, तुमचं तेवढं पाडत राहतात. आपल्याकडं गौतमाच्या न्यायसूत्रांत याची वर्गवारी करून ठेवलीय: सत्य शोधायला घालतात तो वाद, जिंकायला घालतात तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त मोडायची ती वितंडा. समोरच्याला सरळ विचारा, तुमचं म्हणणं काय ते दोन ओळीत सांगा. दोनदा विचारून सांगितलं नाही तर तुमचे मुद्दे एकत्र करून एक शेवटचं नीट उत्तर लिहा, 'माझं म्हणणं पूर्ण झालं' असं लिहा आणि थांबा. ब्रँडोलिनी नावाच्या इटालियन प्रोग्रॅमरनं २०१३ ला म्हटलं होतं की बाष्कळ विधान खोडायला ते करण्यापेक्षा कितीतरी पट जास्त कष्ट लागतात. ते खरं आहे, तीन दिवस तुम्ही शोधत होतात आणि तो फक्त टाइप करत होता. पळाली म्हणू दे. ज्यानं वरपासून वाचलंय त्याला कळतं कोण काय घेऊन आलं होतं.

ठाण्याच्या एका सोसायटीतून

गच्चीवर ५जी अँटेना बसवायचं ठरतंय. परिसरातल्या लोकांच्या मोठ्या ग्रुपवर, जिथं निम्मे लोक एकमेकांना ओळखतही नाहीत, कोणीतरी टाकलं की डब्ल्यूएचओनंच मोबाइल टॉवर कॅन्सरकारक ठरवलेत. मी ते खोटं आहे लिहिलं तर त्यानं खरंच लिंक दिली. मग मी काय बोलू?

उत्तर: लिंक खरी आहे हे आधी मान्य करा, कारण ती आहे. २०११ ला डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं रेडिओलहरींना २-बी गटात टाकलं, अर्थ 'कदाचित कॅन्सरकारक असू शकेल, पुरावा अपुरा.' मग त्याच गटात अजून काय आहे ते सांगा: कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क त्याच गटात आहे. तो गट धोका किती हे सांगत नाही, शंकेला पुरावा किती हे सांगतो.

पुढं विज्ञान अगदी थोडक्यात सांगता येतं. एक्स-रे किंवा गॅमा किरणांच्या एकेका कणात इतकी ऊर्जा असते की ते रेणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावतात, डीएनए मोडतात. ५जीच्या साडेतीन गिगाहर्ट्झ लहरीच्या कणाची ऊर्जा त्यासाठी लागते त्याच्या लाखो पटींनी कमी असते, अगदी साध्या उजेडापेक्षाही कितीतरी कमी. जास्त तीव्रतेच्या लहरींनी ऊब येते, म्हणून मर्यादा घातलेली असते, आणि भारतानं २०१२ ला टॉवरसाठी ती आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर आणली. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर बघता येतात आणि पैसे भरून मोजणी करून घेता येते. सोसायटीनं ती करून आकडा ग्रुपवर टाकावा, शंभर मेसेजेसपेक्षा तो एक कागद जास्त उपयोगी पडेल. आणि ज्यानं लिंक टाकली त्याच्या घरात कोणी आजारी असेल, लहान बाळ असेल, भीती कुठून तरी आलेली असते, तेव्हा 'अडाणी' हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. गच्चीच्या छतावर वजन किती येणार, भाडं कोणाला मिळणार हे प्रश्न त्याच्या बाजूनं अगदी योग्य आहेत, तेही विचारा.

लंडनहून

असं वाचलंय की पुरावा दाखवला की माणूस उलट जास्त हट्टाला पेटतो. मग वाद घालून उपयोग काय?

उत्तर: हे २०१० च्या एका अभ्यासातून पसरलं, ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफलर यांच्या, इराकमधल्या शस्त्रांबद्दलची चुकीची समजूत दुरुस्त केली तर काही लोकांत ती अजून पक्की झाली असं त्यांना दिसलं. पण नंतर थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून जास्त लोकांवर, ५२ विषयांवर ते तपासलं, २०१९ ला छापलं, आणि तसा उलटा परिणाम त्यांना जवळजवळ सापडलाच नाही. बहुतेक माणसं दुरुस्ती ऐकतात, थोडी सरकतात. पुढं या चौघांनी मिळून काम केलं त्यात असंही दिसलं की लोक आकडा मान्य करतात पण नेता बदलत नाहीत. म्हणजे तुम्ही वस्तुस्थिती दुरुस्त करू शकता, त्या माणसाचं मत तुमच्यासारखं होईल ही अपेक्षा सोडा. मला तर दोघांनी दुसऱ्या दोघांची चूक काढली आणि नंतर चौघांनी एकत्र बसून काम केलं हेच फार आवडतं.

लातूरहून एक निवृत्त बँक कर्मचारी

रोज इतके खोटे फॉरवर्ड येतात. प्रत्येकाला उत्तर देत बसायचं का?

उत्तर: नाही काका. युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं, आज रात्री वैश्विक किरण येणार म्हणून मोबाइल लांब ठेवा, २००० च्या नोटेत चिप आहे, हे वर्षानुवर्षं फिरतंय, चूक आहे, पण सोडून दिलं तर कोणी मरत नाही.

काही गोष्टींत मात्र मरतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठेचून मारलं, भिक्षा मागायला आलेली माणसं होती ती. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा आधी कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. त्या मेसेजेसखाली वेळेवर 'हे खोटं आहे, पोलिसांना फोन करून विचारलंय' असं लिहिणारी माणसं जितकी असायला हवी होती तितकी नव्हती, हे मला अजून खूप छळतं. म्हणून क्रम असा लावा: एखाद्या समाजाविरुद्ध लोकांना भडकवणारं, औषध-लसीबद्दलचं, पैशाच्या फसवणुकीचं, यांना उत्तर द्यायचंच आणि लगेच, रात्री आलं तर रात्री. लसीबद्दल शंका असेल तर पोलिओ सांगा, भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा, हावड्यातल्या एका लहान मुलीचा, आणि मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तुमच्या पिढीनं पोलिओनं अधू झालेली वर्गमित्र मंडळी बघितलीत, आजच्या तिशीतल्या आईबापांनी नाही बघितली. तुम्ही ते लिहू शकता, दुसरं कोण लिहिणार.

कोल्हापूरची इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी

मी अवकाश मोहिमांबद्दल लिहिते. चंद्रावर माणूस गेलाच नाही म्हणणाऱ्या एकाला मी अपोलो ११, १४, १५ नं ठेवलेल्या आरशांबद्दल सांगितलं, ज्यावर आजही लेझर मारून अंतर मोजतात. त्यानं मुद्द्याला उत्तर न देता माझ्या फोटोवरून घाण लिहिलं, आता इनबॉक्समध्ये मेसेज करतोय. मैत्रिणी म्हणतात लिहिणंच बंद कर.

उत्तर: तुझं उत्तर अचूक होतं, म्हणूनच तो मुद्दा सोडून तुझ्यावर आला. आता हा वाद उरलेला नाही, हा त्रास आहे आणि त्याचे मार्ग वेगळे. त्याला एकही उत्तर देऊ नकोस. ब्लॉक करायच्या आधी प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट घे, तारीख-वेळ आणि त्याच्या प्रोफाइलचा पत्ता दिसेल असा, कारण नंतर तो डिलीट करतो. घरातल्या एका माणसाला आजच सांग. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार कर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा, एकटी जाऊ नकोस. नको म्हटल्यावरही ऑनलाइन मागे लागणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये येतं, धमकी दिली तर ३५१.

कोणी घाबरवलं की अशा तक्रारीनं तुझ्यावरच केस होईल तर ते खोटं आहे. काहींच्या डोक्यात २०१२ ची पालघरची घटना असते, बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एकीनं फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीनं ते लाइक केलं म्हणून दोन मुलींना अटक झाली होती, पण त्यात वापरलेलं आयटी कायद्याचं कलम ६६-अ सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. लिहिणं बंद करायचं का हे तू ठरवायचंस, तो नाही. थोडे दिवस फोटो काढून ठेवावासा वाटला तर ठेव, त्यात हार नाही. पण मला मनापासून वाटतं की तू लिहावंस, आरशांबद्दलचं उत्तर तर वेगळी पोस्ट करून टाक.

सांगलीहून

हल्ली लोक एआयला विचारून त्याचं लांबलचक उत्तर जसंच्या तसं चिकटवतात, खाली पाच-सहा संदर्भ. खोडायचं कसं?

उत्तर: सगळं खोडू नका. त्यातला एकच संदर्भ निवडा, जो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो, आणि उघडून बघा की असा लेख आहे का, असेल तर त्यात तेच लिहिलंय का. २०२३ ला न्यूयॉर्कच्या कोर्टात दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल सादर केले, त्यांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५००० डॉलर दंड झाला. संदर्भ खोटा निघाला तर तेवढंच लिहा, हा लेख मला सापडला नाही, तुम्ही वाचला असेल तर त्यातला परिच्छेद इथं टाका. खरा निघाला तर तो पूर्ण वाचा आणि समोरच्याला सांगा की वाचला, त्यातला हा मुद्दा पटला, हा नाही पटला. तुम्ही स्वतः एआय वापरत असाल तर तेही उघड सांगा, आणि जे स्वतः उघडून बघितलं नाही ते पुरावा म्हणून देऊ नका.